चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या



आजच्या व्याख्यानाचे शीर्षक आम्ही एका म्हणीवरून घेतले आहे. ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.’ जामदारखाना म्हणजे दागदागिने, पैसाअडका, किमती वस्त्रे ठेवण्याची जागा. तिथल्या किल्ल्या चोराच्या हाती देणे म्हणजे शुद्ध मूर्खपणा, असे ही म्हण सांगते. पण आपल्याच भाषेत दुसरी एक म्हण आहे: ‘चोराच्या वाटा चोराला ठाऊक.’ तिच्या पोटातला सल्ला उलटा आहे. वाटा ज्याला ठाऊक आहेत, त्यालाच पहाऱ्याला बसवा की! आता या दोन म्हणींपैकी खरी कोणती? म्हणी वकिलासारख्या असतात, ज्याची बाजू घेतील त्याच्यासारखे बोलतात. त्यामुळे निकाल हवा असेल तर इतिहासाकडे जावे लागते. आणि हा इतिहास शोधायला फार लांब जायला नको, तो आपल्या कोल्हापुरात आहे.

आधी थोडे बाहेर बघून येऊ.

फ्रान्समध्ये १७७५ साली जन्मलेला व्हिदॉक नावाचा माणूस तरुणपणी भुरटा चोर, पळपुटा सैनिक आणि कैदेतून वारंवार निसटणारा कैदी म्हणून प्रसिद्ध होता. पुढे तो पोलिसांचा खबऱ्या झाला आणि १८११-१२ च्या सुमारास पॅरिसच्या गुप्त पोलीस शाखेचा प्रमुखच झाला. या शाखेत त्याने माणसे कुठली घेतली? तर शिक्षा भोगून आलेली. त्याचे म्हणणे साधे होते, ज्याला चोरांची भाषा येते तोच चोर ओळखेल. बाल्झाक आणि व्हिक्टर ह्यूगो या दोघांच्याही कादंबऱ्यांमध्ये या माणसाच्या छटा उतरल्या आहेत.

दुसरे उदाहरण थेट हेरखात्यातले. एडी चॅपमन हा इंग्रज तिजोरीफोड्या. स्फोटके लावून तिजोऱ्या उडवणे हा त्याचा धंदा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी जर्सी बेट घेतले तेव्हा तो तिथल्या तुरुंगात होता. त्याने जर्मनांना सांगितले, मला हेर म्हणून घ्या. त्यांनी घेतले, शिकवले, आणि डिसेंबर १९४२ मध्ये विमानातून इंग्लंडमध्ये उतरवले. उतरल्यावर हे महाशय गेले कुठे, तर ब्रिटिशांच्या एमआय-५ या हेरखात्याकडे! पुढे हॅटफील्ड इथला विमान कारखाना त्याने ‘उडवला’. म्हणजे उडवल्याचा देखावा ब्रिटिशांनीच उभा केला आणि जर्मनांनी त्याला शौर्यपदक दिले. आणि आपल्या काळातले उदाहरण म्हणजे केविन मिटनिक. संगणकांत घुसखोरी करणारा म्हणून १९९५ मध्ये पकडला गेला, २००० साली सुटला, आणि उरलेले आयुष्य मोठमोठ्या संस्थांना ‘तुमच्या कुंपणाला भोक कुठे आहे’ हे दाखवण्याचा व्यवसाय करून सन्मानाने जगला.

या तिन्ही गोष्टी रंजक आहेत, पण नीट बघा. तिन्हींत विकत घेतले जाते ते कौशल्य. विश्वास त्यात फार थोडा. व्हिदॉकवर पॅरिसच्या पोलिसांचा पूर्ण भरवसा कधीच नव्हता, आणि चॅपमनवर तर दोन्ही बाजूंनी पाळत होती. हा झाला एक प्रकार. आम्ही त्याला ‘कौशल्याचा करार’ म्हणू.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडचा क्रमच उलटा आहे. तिकडे चोराचा पहारेकरी झाला, इकडे पहारेकऱ्याचा चोर केला गेला. हे विधान जरा धीटपणाचे वाटेल, म्हणून सविस्तर सांगतो.

जुन्या मराठी मुलखात गावाची राखण ही वतनी व्यवस्था होती. कुठे रामोशी, कुठे बेरड, कुठे कोळी, कुठे महार, कुठे मांग अशा निरनिराळ्या समाजांकडे हे काम होते. राखणदाराला धान्याच्या रूपाने हक्क मिळे, काही ठिकाणी जमीन मिळे. पण त्याबरोबर जबाबदारीही केवढी! गावात चोरी झाली तर रामोशाने माग काढायचा. पायाच्या ठशावरून, मोडलेल्या काटकीवरून, बैलाच्या खुरावरून तो चोराच्या मागे जाई. माग गावाच्या शिवेपर्यंत गेला आणि पुढच्या गावात शिरला, की जबाबदारी त्या गावच्या राखणदारावर जाई. आणि माग आपल्याच शिवेत विरला तर? तर नुकसान भरून द्यायची पाळी राखणदारावर येई. आज चोरी झाल्यावर भरपाई देणारे पोलीस ठाणे कुणी पाहिले आहे का? म्हणजे ही साधी नोकरी नव्हती, तो जामीन होता.

किल्ल्यांचेही तसेच. गडाच्या दरवाजाच्या आत एक जग आणि गडाच्या उतारावर, घेऱ्यात, मेटांवर दुसरे. झाडीतल्या चोरवाटा राखायला रामोशी, कोळी, बेरड, महार, मांग हीच मंडळी असत. पन्हाळ्यावर जाणाऱ्यांनी तटबंदी पाहावी, जरूर पाहावी, पण खालच्या उतारावर रात्र काढणाऱ्या या माणसांची आठवणही ठेवावी. दगडी तटापेक्षा गड बहुधा त्यांच्या डोळ्यांवर आणि कानांवर उभा होता. शिवछत्रपतींच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक यांचे नाव सभासदाने आपल्या बखरीत आवर्जून नोंदवले आहे. जवळच सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात. बहिर्जींच्या जातीवरून आज वाद घालणारे पुष्कळ आहेत, त्यात आम्ही पडत नाही. आम्हांला एवढेच म्हणायचे आहे की रानातून वावरणारा, वेष पालटणारा, रात्री न अडखळता चालणारा माणूस त्या राज्याला संशयास्पद वाटत नव्हता. तो राज्याचा डोळा होता.

मग बिघडले कुठे?

पेशवाईच्या उत्तरार्धात पुरंदरच्या रामोश्यांचे पिढीजात पहाऱ्याचे काम आणि हक्क काढून घेण्याचे प्रकार सुरू झाले. १८१८ नंतर कंपनी सरकार आले, त्याने खर्चात काटकसर सुरू केली आणि राखणीचे जुने हक्क कुरतडले गेले. कागदावर ती एक रक्कम कमी झाली, पण रामोश्याच्या घरी ती चूल विझली. भिवडीचे उमाजी नाईक याच काळात उभे राहिले. त्यांचा जन्म १७९१ चा. त्यांनी पुरंदरच्या डोंगरांतून कंपनी सरकारला एवढे जेरीस आणले, की अखेर सरकारने काय केले? १८२७-२८ च्या सुमारास गुन्हे माफ केले, जमीन दिली आणि त्यांनाच डोंगरी मुलखाच्या बंदोबस्ताला नेमले! बघा, आपल्या म्हणीतला चोर आणि किल्ल्या इथे प्रत्यक्ष आल्या. पण हा करार टिकला नाही. उमाजी पुन्हा बंडात उतरले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आले.

हा करार का टिकला नाही? आमचे उत्तर असे आहे की तो भीतीपोटी केलेला करार होता. सरकारच्या मनात ‘हा आपला माणूस’ असे कधी नव्हतेच, ‘याला शांत ठेवू’ एवढेच होते. उमाजींच्या मनातही सरकार आपले नव्हते. पुण्याच्या लष्कर भागात बंगल्यांवर रामोशी ठेवण्याची चाल पडली होती, तिच्यामागेही असाच हिशेब होता. रामोशी ठेवला नाही तर चोरी होईल, म्हणून रामोशी ठेवायचा. हा दुसरा प्रकार. याला ‘भीतीचा करार’ म्हणू. अशा करारात पगार मिळतो, पण मान मिळत नाही, आणि मान नसलेल्या पहाऱ्यावर कुणी जीव टाकत नाही.

यानंतर १८७१ चा कायदा आला. गुन्हेगार जमातींचा कायदा. या कायद्यामागची विचारसरणी समजून घ्या. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तेव्हा चोराचा मुलगा चोर होणारच, असा तो तर्क. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, आम्हांला हा तर्क शिकवताना वर्गात वापरता येतो, कारण तो सदोष तर्काचा उत्तम नमुना आहे. सुतारकी हे काम आहे, चोरी हे कृत्य आहे. काम वारशाने शिकता येते, पण कृत्याचा दोष वारशाने येत नाही. दोष कृत्य करणाऱ्याचा असतो, त्याच्या पाळण्यातल्या लेकराचा नव्हे. पण कायद्याला तर्कशास्त्राची परीक्षा द्यावी लागत नाही. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यासह साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू करता येईल अशी तरतूद झाली. जमातीची नोंद करायची, हाताचे ठसे घ्यायचे, रोज हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. पुढे तर तारेच्या कुंपणातल्या वसाहती आल्या. सोलापूरची वसाहत त्यांपैकीच एक. गंमत बघा, काल ज्याने गावाची शीव राखली, त्याच्याभोवतीच आता शीव आखली गेली.

फासेपारध्यांची गत याहून बिकट. हा शिकारी समाज. फासे लावून तित्तर, लावे, हरणे धरणारा. रान तुटत गेले, शिकारीवर बंधने आली, आणि भटकणारा प्रत्येक पारधी चोर ठरला. दुष्काळात धान्याला हात घातला जाई, नाही असे नाही. पण पोटाची चोरी आणि स्वभावाची चोरी यांत फरक करायला ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला सवड लागते, आणि इच्छाही लागते.

ती इच्छा कोल्हापुरात एका माणसाला झाली.

राजर्षी शाहू छत्रपतींचा जन्म २६ जून १८७४ चा. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याधिकार हाती घेतला. महाराज शिकारीचे दर्दी होते, चित्ते पाळून त्यांच्याकडून हरणांची शिकार करवीत. या शिकारीच्या निमित्ताने रानात राहणाऱ्या माणसांशी त्यांचा जवळून संबंध आला. राजा आणि पारधी यांच्यात शिकार हा एक समान विषय होता, आणि समान विषय असला की माणूस माणसाशी बोलतो, त्याची नोंदवहीतली जात बोलत नाही. महाराजांनी या फासेपारध्यांना बोलावून घेतले, सोनतळीला वसवले, राहायला घरे दिली, हाताला काम दिले. आणि मग ज्या गोष्टीसाठी आज आपण जमलो आहोत ती केली. त्यांच्यातल्या माणसांना राजवाड्याच्या पहाऱ्यावर नेमले.

आता हे धाडस किती मोठे ते लक्षात घ्या. हे काही निश्चिंत दिवस नव्हते. वेदोक्त प्रकरणापासून महाराजांना वैरी पुष्कळ झाले होते. १९०२ साली नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्यावर त्यांत भर पडली. १९०८ मध्ये तर कोल्हापुरात बॉम्बच्या कटाचे प्रकरण गाजले. अशा काळात राजाने आपल्या उशाशी कुणाला जागे ठेवायचे हा जिवाचा प्रश्न असतो. आणि महाराजांनी ज्यांना जागे ठेवले, त्यांना ब्रिटिश मुलखात रात्रीची हजेरी द्यावी लागत होती. म्हणजे एकाच माणसाबद्दल दोन सरकारांची दोन मते. एक म्हणते, हा रात्री झोपला आहे की नाही ते रोज तपासा. दुसरे म्हणते, हा जागा आहे म्हणून आम्ही झोपतो.

यात कौशल्याचा विचार नव्हता का? होताच. पारध्याचा कान, त्याची नजर, न वाजणारे पाऊल, हे गुण पहाऱ्याला सोन्याच्या मोलाचे. महाराज व्यवहारी होते, भाबडे नव्हते. पण निव्वळ कौशल्य हवे असते तर त्यांना चार माणसे पुरली असती. त्यांनी बायकापोरांसकट घरे वसवली. व्हिदॉकला पॅरिसने घेतले, व्हिदॉकच्या वस्तीला घेतले नाही. इथे अख्खी वस्ती आत आली. म्हणून याला आम्ही तिसरा प्रकार म्हणतो, ‘विश्वासाचा करार’.

आणि हे केवळ राजवाड्यापुरते राहिले नाही, ही त्याहून महत्त्वाची गोष्ट. नुसती माणसे नेमली असती तर ती राजाची लहर ठरली असती. पण १९१८ साली महाराजांनी आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड वगैरे जातींवर लादलेली हजेरीची पद्धतच बंद केली. त्याच वर्षी महार वतनेही रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या. एकीकडे संशयाची बेडी काढली, दुसरीकडे बिनपगारी राबणुकीची. पहाऱ्यावरचा पारधी हे उदाहरण होते, १९१८ चा हुकूम हा सिद्धांत होता. आधी उदाहरण घालून दिले, मग सिद्धांत मांडला. आमच्या धंद्यात आम्ही नेमके उलटे करतो, आधी सिद्धांत सांगतो आणि उदाहरण शोधत बसतो!

इथे कुणी म्हणेल, आणि रास्तच म्हणेल, की हा राजाचा उपकार झाला. राजा चांगला निघाला म्हणून पारधी पहारेकरी झाला, उद्या वाईट राजा आला तर? हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. दयेवर उभा असलेला हक्क म्हणजे उसना कोट, मालक मागेल तेव्हा काढून द्यावा लागतो. पण या आक्षेपाने एक गोष्ट पुसली जात नाही. महाराजांनी पारध्यांकडे आधी ‘सुधारल्याचा दाखला’ मागितला नाही. इथेच खरी गोम आहे.

आपण नेहमी म्हणतो, ‘आधी सुधारू दे, मग विश्वास ठेवू.’ ऐकायला किती शहाणपणाचे वाटते! पण ॲरिस्टॉटलने सद्गुणाबद्दल जे सांगितले ते इथे लावून बघा. त्याचे म्हणणे असे की न्यायाची कृत्ये करत करत माणूस न्यायी होतो, धैर्याची कृत्ये करत करत धीट होतो. सतार वाजवल्याशिवाय सतारिया होता येत नाही, तसेच हे. मग ज्याला विश्वासाचे एकही काम कधी मिळाले नाही, त्याने विश्वासू व्हायचे कसे? पाण्यात उतरू द्यायचे नाही आणि पोहता येत नाही म्हणून हिणवायचे, असला हा प्रकार. विश्वास हे सुधारणेचे बक्षीस आहे असे आपण समजतो. महाराजांनी तो सुधारणेचे साधन म्हणून वापरला. अर्थात डोळे उघडे ठेवून. घर दिले, काम दिले, वेतन दिले आणि मग रात्र सोपवली. उपाशी माणसावर नुसता विश्वास टाकणे ही त्याची थट्टा असते.

याच परिसरात आणखी एक प्रयोग झाला. शेजारच्या औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत १९३० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून हिंदुस्थानात आलेले मॉरिस फ्रिडमन यांचा या कल्पनेला आधार होता. गंभीर गुन्ह्यांचे कैदी, पण भिंत नाही. ते शेती करीत, कुटुंबासह राहत. कैदी आणि पहारेकरी जणू एकाच माणसात! आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये पडद्यावर आणलेला ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचलेला, आणि त्याची कथा लिहिली ती याच माणदेशच्या ग. दि. माडगूळकरांनी. सिनेमा जगभर गेला. स्वतंत्रपूरचे नाव मात्र आज आपल्या मुलांना विचारा, सांगता येते का ते!

पुढचा इतिहास थोडक्यात. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला. म्हणून विमुक्त समाज हा दिवस विमुक्ती दिन म्हणून पाळतो. पण कायदा रद्द होतो एका दिवसात, नजर रद्द व्हायला पिढ्या जातात. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’, आपल्या सीमाभागातल्या भीमराव गस्तींचे ‘बेरड’ ही आत्मकथने ज्यांनी वाचली, त्यांना हे वेगळे सांगायला नको. गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्याच्या पालावर जाते, ही तक्रार अजून जुनी झालेली नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आजचा आहे. खासगी सुरक्षा संस्थांसाठी आपल्या देशात २००५ चा कायदा आहे. सुरक्षारक्षक नेमण्याआधी त्याच्या चारित्र्याची आणि पूर्वेतिहासाची पडताळणी झाली पाहिजे, आणि न्यायालयाने दोषी ठरवलेल्याला सुरक्षारक्षक म्हणून घेऊ नये, असे हा कायदा सांगतो. सोसायटीच्या दारात, बँकेच्या दारात कुणीही उभा राहू नये ही काळजी समजण्यासारखी आहे. दोष कृत्याचा, जन्माचा नव्हे, या कसोटीवर हा कायदा १८७१ च्या कायद्याहून निःसंशय पुढचा आहे. पण दोन प्रश्न उरतात. एक, शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसाने भाकर कमवायची कुठे, याचे उत्तर दारे बंद करणाऱ्या कायद्याने द्यायचे नसेल तर कुणी द्यायचे? आणि दोन, ज्या वस्तीतल्या तरुणांवर संशयाचे गुन्हे सहज नोंदवले जातात, त्या वस्तीसाठी ‘पूर्वेतिहासाची पडताळणी’ म्हणजे जुन्या हजेरीचेच नवे नाव तर ठरत नाही ना? संगणकात घुसखोरी केलेल्याला मोठ्या कंपन्या सल्लागार म्हणून बोलावतात, आणि पालावरच्या पोराला साधी रखवालदारी मिळत नाही. कौशल्य दोघांकडे आहे. फरक आहे तो कुणाच्या चोरीला आपण हुशारी म्हणतो आणि कुणाच्या चोरीला जात म्हणतो यात.

कौशल्याचा करार, भीतीचा करार, विश्वासाचा करार, हे तीन प्रकार आपण पाहिले. पहिला सोयीपुरता टिकतो, दुसरा भीती असेपर्यंत टिकतो. तिसरा टिकायला मात्र एका राजाची इच्छा पुरत नाही. त्याला कायदा लागतो, घर लागते, शाळा लागते, आणि शेजाऱ्यांची नजर बदलावी लागते. शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी गेले. त्यांच्या जयंतीला आपण मिरवणुका काढतो, पुतळ्याला हार घालतो. एखाद्या वर्षी सोसायटीच्या सभेत रखवालदार नेमायचा विषय निघेल, पुढे आलेल्या तरुणाचे आडनाव ऐकून कुणीतरी भुवई उंचावेल. त्या वेळी आपण काय बोलतो, यावर आपण शाहूंचे कोल्हापूर आहोत की नाही ते ठरेल.